नऊ दाती, तिरक्या चकतीचं पेरणी यंत्र: हरभरा-करडईच्या कोरडवाहू पेरणीत कितपत उतरतं?

आधी निकाल सांगून टाकू. जिरायत हरभऱ्यात करडईच्या ओळी घालायच्या असतील तर हे यंत्र घेण्यासारखं, निदान भाड्यानं बोलावण्यासारखं आहे. जवस किंवा मोहरी घालायची असेल तर मात्र बैलांनी ओढायची पाभर बरी. आणि करडईसाठीसुद्धा हे यंत्र दुकानातून येतं तसं जोडून शेतात नेलं, तर पाभरीपेक्षा वाईट पेर होते. दोष यंत्राचा कमी, जोडणीचा जास्त. पण ती जोडणी कशी करायची हे विकणारा क्वचितच सांगतो, म्हणून हे लिहिणं.

यंत्र कोणतं, ते ओळखून घ्या. बाजारात दोन जाती दिसतात. एकात सगळ्या दात्यांना (माती फाडून बी सोडणाऱ्या फणांना) मिळून एकच लांब बियाण्याची पेटी असते आणि खाली खाचांचे रोलर बी ढकलतात. गहू, बाजरी पेरायला ते ठीक. पण त्यात दोन पिकं घालायची तर पेटीत पत्र्याचे पडदे मारावे लागतात, आणि टपोरा हरभरा रोलर व पेटीच्या मध्ये सापडून फुटतो. दुसऱ्या जातीत प्रत्येक दात्याला स्वतंत्र छोटी पेटी आणि तिच्यात तिरकी फिरणारी, कडेला खळगे असलेली चकती. खळग्यात एक-दोन दाणे बसतात, वर येतात, नळीत पडतात. आंतरपिकासाठी हीच जात हवी, कारण कोणत्या दात्यातून काय पडणार हे पेटीगणिक ठरवता येतं. पुढे जे लिहिलंय ते या दुसऱ्या जातीच्या, ३० सेंटिमीटरवर नऊ दाते असलेल्या यंत्राबद्दल आहे. ओढायला ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर किमान लागतो. भारी काळ्या रानात ४५चा असला तर तो दबत नाही.

आता प्रमाण. शिफारशी दोन तऱ्हेनं वाचायला मिळतात: हरभऱ्याच्या दोन ओळींना करडईची एक, किंवा सहाला तीन. हिशेबानं दोन्ही सारखेच, रानाचा एक तृतीयांश करडईला. फरक पडतो तो कापणीला. दोनास एक पेरलं तर हरभऱ्याच्या प्रत्येक ओळीला एका बाजूनं करडई टेकलेली असते. जिरायत हरभरा (विजयसारखा वाण) तीन महिन्यांत काढणीला येतो, करडई चार महिने ओलांडते. म्हणजे हरभरा उपटायची वेळ येते तेव्हा करडई उभी असते आणि तिचे काटे कडक व्हायला लागलेले असतात. मजूर बायका अशा रानात यायला नाखूश असतात, आणि ते रास्तच आहे. सहा-तीनच्या पट्ट्यात सहापैकी फक्त दोन ओळी काट्याजवळ; मधल्या चार मोकळ्या. मावा आला तर करडईचाच पट्टा तेवढा फवारता येतो, घाटेअळीसाठी हरभऱ्याचा. म्हणून पट्टा.

नऊ दाते, सहा अधिक तीन, बेरीज बरोबर जुळते. इथेच बहुतेक जण फसतात. डावीकडच्या सहा पेट्यांत हरभरा, उजवीकडच्या तीनमध्ये करडई भरली की काम झालं असं वाटतं. पण ट्रॅक्टर बांधाला जाऊन वळतो आणि उलट तोंडानं येतो. जाताना उजवी असलेली बाजू येताना डावी होते. पहिल्या पाळीची करडई दुसऱ्या पाळीच्या करडईला जाऊन चिकटते, तिसऱ्या पाळीचा हरभरा दुसरीच्या हरभऱ्याला. रानात उगवतं ते बारा-सहा. करडईच्या सलग सहा ओळी ३० सेंटिमीटरवर उभ्या राहिल्या की मधल्या ओळी उंच, किरकोळ आणि कमी बोंडांच्या होतात, आणि आंतरपिकाचा अर्थच निम्मा उरतो.

उपाय फुकटचा आहे. भरणी ३-३-३ करा: पहिल्या तीन पेट्यांत हरभरा, मधल्या तीनमध्ये करडई, शेवटच्या तीनमध्ये हरभरा. यंत्र कोणत्याही तोंडानं आलं तरी दोन्ही कडांना हरभराच राहतो, शेजारच्या पाळ्यांचे तीन अधिक तीन मिळून सहा होतात, मध्ये करडई तीन. दोनास एकच हवं असेल त्यांनी करडई दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या पेटीत भरावी. तीही मांडणी दोन्हीकडून सारखी आहे. ३-३-३चे आणखी दोन फायदे आहेत. पाळी जोडताना चालकाचा हात थोडा हलला तर चुकीचं अंतर हरभऱ्या-हरभऱ्यातच पडतं, करडईचा पट्टा बिघडत नाही. दुसरं म्हणजे टायर. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची चाकोरी साधारण तिसऱ्या आणि सातव्या दात्याच्या पुढून जाते. दाबलेल्या जमिनीत ते दोन दाते उथळ चालतात. तिथं हरभरा असला तर निभावतं, करडई असती तर तुटक उगवली असती. तरी ते दोन दाते इतर हरभऱ्याच्या दात्यांपेक्षा दोन सेंटिमीटर खाली बसवावेत.

खोली हा या यंत्राचा खरा कच्चा दुवा. चौकट एक, त्यामुळे जोडलेले सगळे दाते एकाच खोलीवर जातात. जिरायतीत हरभरा ८ ते १० सेंटिमीटरवर, ओलीला टेकवून पेरावा लागतो आणि तो तिथून बिनतक्रार उगवतो, कारण त्याच्या डाळिंब्या जमिनीतच राहतात, वर येतो तो फक्त कोंब. करडईचं तसं नाही. ती आपल्या दोन्ही डाळिंब्या पाठीवर घेऊन माती फोडून वर येते. तिला १० सेंटिमीटर खाली टाकलं तर अर्धी रोपं वाटेतच दमतात, वर पापुद्रा बसला तर बाकीचीही. तिला ५ सेंटिमीटर पुरे. म्हणून मधले तीन दाते पकडीचे नट सैल करून तीन-चार सेंटिमीटर वर घ्या आणि घट्ट करा. दांड्यावर रंगाची खूण केली की दरवर्षी मापायला नको. विकत घेताना हेच आधी बघा: दाता पकडीत वर-खाली सरकतो की वेल्ड करून टाकलाय? वेल्ड असेल तर ते यंत्र एकपिकी आहे, कितीही पेट्या असोत.

शंका येईल, की वरची ५ सेंटिमीटर माती वाळलेली असेल तर करडई कोरड्यात पडणार नाही का? पडेल. म्हणून दात्याला थोडा रुंद फाळ लावून कोरडी माती बाजूला सारायची आणि बी सरीच्या तळाला, ओलीवर टाकायचं. खोली मोजायची ती बियावरच्या मातीची, जमिनीच्या पातळीपासून नव्हे. मग करडईच्या तीन ओळींवरून मागची साखळी किंवा फळी फिरवायची नाही, हरभऱ्यावर फिरवावी. या यंत्रांना बी दाबणारी मागची चाकं बहुधा नसतात. ही मोठी उणीव आहे, आणि कोरडवाहू रानासाठी यंत्र बनवणाऱ्यानं ती ठेवू नये. काळ्या मातीत बी आणि ओल यांच्यामध्ये पोकळी राहिली की फुगलेलं बी वाळून जातं.

बियाण्याचं माप. शेतात जाण्याआधी अंगणातच घ्यावं. यंत्र जॅकवर उचला, जमिनीवर फिरणाऱ्या चाकाचा घेर दोरीनं मोजा. समजा चाकाचा व्यास ५० सेंटिमीटर, तर घेर १.५७ मीटर, २५ फेरे म्हणजे सव्वाएकोणचाळीस मीटर. प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा, २५ फेरे फिरवा, वजन करा. विजयसारख्या मध्यम दाण्याच्या हरभऱ्याला हेक्टरी ७० किलो धरलं तर ३० सेंटिमीटरच्या ओळीला मीटरमागे २.१ ग्रॅम बसतात, म्हणजे एका पिशवीत सुमारे ८२ ग्रॅम भरले पाहिजेत. दिग्विजय, विशालसारख्या टपोऱ्या वाणाला हेक्टरी १०० किलो लागतात. तिथं ११८ ग्रॅम. करडईची शिफारस ४५ सेंटिमीटर ओळीला हेक्टरी १० ते १२ किलोची आहे. १२ किलो धरले तर मीटरला ०.५४ ग्रॅम, पिशवीत २१ ग्रॅम. एवढ्या वजनाला दुकानाचा तराजू कामाचा नाही. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या.

एकरी हिशेब यावरून निघतो: सहा-तीनमध्ये विजय साडेअठरा-एकोणीस किलो, टपोरा वाण सव्वीस-सत्तावीस किलो, करडई अडीच किलो. पुष्कळांच्या पेट्यांत करडई चार-पाच किलो जाते आणि मग विरळणीला मजूर लावतात किंवा ती तशीच दाट सोडतात.

वजन जुळत नसेल तर काय बदलायचं? सगळ्या चकत्या एकाच आसावर फिरतात. चेनचं दातेरी चाक बदललं की हरभराही बदलतो, करडईही. म्हणून आधी चाक बदलून हरभरा बसवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. करडई फक्त चकतीवर बसवायची. सुदैव असं, की दाण्यांच्या संख्येत दोन्ही पिकं जवळजवळ आहेत, मीटरला दहा-बारा दाणे. तेव्हा खळग्यांची संख्या सारखी आणि आकार लहान अशी चकती करडईला चालते. यंत्राबरोबर येणाऱ्या संचात तशी चकती नसेल तर वेगळी मागवा. मोठ्या खळग्याच्या चकतीत करडईचे दोन-तीन दाणे एकदम बसतात. तोवर जुगाड म्हणून एकाआड एक खळगा मेणानं बुजवता येतो. त्यानं वजन जुळतं, पण दाणे झुबक्यानं पडतात.

अंगणातलं माप रानात तसंच उतरत नाही, हे लक्षात असू द्या. चाक घसरतं. ढेकळांवरून उडतं, ओल्या मातीत लडबडून जड होतं, आणि जितकं कमी फिरतं तितकं बी कमी पडतं. रानात चाकावर खडूची खूण करून २५ फेऱ्यांत किती अंतर कापलं ते एकदा मोजा. ३९ ऐवजी ४२ मीटर गेलं असेल तर बी ७ टक्क्यांनी कमी पडतंय. बाजरी, मूग, उडीद निघालेल्या रानात वखराच्या दोन पाळ्या नीट झाल्या असतील, धसकटं वेचली असतील, तर ही घसर आटोक्यात राहते. मक्याच्या रानात हे यंत्र नेऊच नका. धसकटं दात्यात अडकून ढीग ओढला जातो, शिवाय मका निघेपर्यंत करडईची वेळ टळलेली असते. जिरायत हरभरा आणि करडई दोन्हींना सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबरचा पहिला, हीच वेळ. वाफशावर (पेरणीजोगी ओल असताना) यंत्र मिळालं नाही तर भाड्याच्या यंत्राची वाट पाहत चार दिवस घालवू नयेत. नाशिकच्या पूर्व भागात परतीचा पाऊस थांबला की ओल दिवसागणिक खाली जाते. तेव्हा पाभर जुंपा.

वेग ताशी तीन ते चार किलोमीटर. भाड्याचा चालक एकरावर पैसे घेतो, त्यामुळे त्याचा पाय पुढे पडतोच. पाचच्या पुढे गेलं की खळगे भरायच्या आत चकती वर येते आणि ओळीत हातभर फट पडते. पहिल्या दोन पाळ्यांना त्याच्याबरोबर चालत जा, नळ्यांवर नजर ठेवा. या वेगानं वळणं, भरणी धरून तासाला दीड एकर होतं, म्हणजे आठ तासांत बारा; याहून बरंच जास्त सांगणारा चालक एक तर रात्रीही पेरतो किंवा पळवतो.

अडकण्याची कारणं थोडीच आहेत, पण तीच तीच येतात. सगळ्यात पहिलं म्हणजे ओलं बियाणं. हरभऱ्याला ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम चोळून मग १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या पाण्यातून लावायचं, ही प्रक्रिया मर रोगाच्या आणि गाठींच्या दृष्टीनं टाळू नये. पण गुळाचं चिकट बी तासाभरात पेटीत ओतलं की पेटीत कमान धरतं. वरून भरलेली दिसते, खाली चकती रिकामी फिरते. सावलीत पातळ पसरून दाणा दाण्याला चिकटत नाही इतकं सुकवा, उन्हात नाही. दुसरं, दाते जमिनीत असताना ट्रॅक्टर मागे घेणं. दात्याच्या तोंडात मातीचा गोळा बसतो आणि ती ओळ बांधापर्यंत कोरी जाते. आधी उचला, मग मागे. तिसरं, नळी. प्लास्टिकची नळी लांब असली की पोटात वाकते, बी तिथं थांबून मग एकदम पडतं. नळी सरळ उतरेल इतकीच कापा. चौथं, चकतीवरचा ब्रश. तो झिजला की जादा दाणे झाडले जात नाहीत आणि एका ओळीत दुप्पट बी जातं; पंधरा दिवसांनी उगवण बघताना ते लक्षात येतं, तेव्हा उपयोग नसतो.

खताची पेटी मात्र सगळ्यांना मिळून एकच, आणि इथं यंत्र अर्धवट पडतं. हरभऱ्याला हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद. म्हणजे हेक्टरी १२५ किलो, एकरी एक गोणी डीएपी. जिरायत करडईला उलटं, ५० किलो नत्र आणि २५ स्फुरद. नऊही दात्यांत डीएपी सोडलं तर करडई नत्राला उपाशी राहते. ३-३-३च्या मांडणीत हे निस्तरता येतं: तिसऱ्या-चौथ्या आणि सहाव्या-सातव्या दात्यांच्या मध्ये पेटीत पत्र्याचे दोन पडदे बसवा, मधल्या कप्प्यात २०:२०:०:१३ हे मिश्र खत भरा. त्यात तेलबियांना लागणारं गंधकही आहे. हेक्टरी १२५ किलोच्या मापानं त्यातून २५ नत्र, २५ स्फुरद जातं. उरलेलं नत्र पेरणीआधी त्या पट्ट्यात पेरून घ्यावं लागेल. मधल्या कप्प्यात सरळ युरिया भरायचा मोह होतो, तो टाळा. कमी ओलीत बियाजवळ पडलेला युरिया कोंब जाळतो. खताची नळी बियाच्या नळीपेक्षा खाली आणि बाजूला सोडते का, हेही बघून घ्या. स्वस्तातल्या यंत्रात दोन्ही एकाच तोंडातून पडतात. डीएपीचं मापही वरच्यासारखंच, २५ फेऱ्यांत दात्यामागे सुमारे १४७ ग्रॅम. संध्याकाळी खताची पेटी रिकामी करून पुसून ठेवा. रात्रीच्या दवात खत ओल धरतं, सकाळी दगड झालेला असतो आणि पत्रा एका हंगामात गंजतो.

पेरणीनंतर यंत्राचा खरा फायदा दिसतो तो कोळपणीला. ओळी सरळ आणि समांतर असल्यानं २०-२५ दिवसांनी आणि पुन्हा महिना-सव्वा महिन्याला सायकल कोळपं बिनधोक चालतं. पाभरीच्या हातानं घातलेल्या दुसऱ्या पिकाच्या ओळी वाकड्या जातात आणि कोळप्यात रोपं कापली जातात. जिरायतीत कोळपणी म्हणजे तणापेक्षाही भेगा बुजवून ओल राखणं, त्यामुळे हा फायदा किरकोळ समजू नये. करडईची विरळणी २० दिवसांच्या आत उरका. शिफारस ४५ बाय २० सेंटिमीटरची असताना आपण ओळी ३० वर आणल्या आहेत, म्हणून मधल्या ओळीत दोन रोपांत २५ सेंटिमीटर ठेवणं शहाणपणाचं.

जवस-मोहरीसाठी नकार का? जवसाचं बी चपटं आणि तुळतुळीत. चकती आणि पेटीच्या तळातल्या फटीतून ते पाण्यासारखं झिरपतं. चाक थांबलं तरी गळत राहतं. मोहरी गोल आणि बारीक, हेक्टरी चार-पाच किलोची; तिच्यासाठी वेगळी चकती मिळाली तरी फट तीच. वाळू मिसळून पेरण्याची जुनी युक्ती इथं चालत नाही, वाळू चकती आणि तळ दोन्ही खाते. शिवाय दोन्हींना दोन-तीन सेंटिमीटर खोली हवी, हरभऱ्याला आठ-दहा. एवढं अंतर पकडीत निघत नाही. जवसाच्या चार ओळींना हरभऱ्याच्या दोन, ही मांडणी नऊ दात्यांत बसतही नाही. दाते सरकवून सहाचं यंत्र करावं लागतं.

काढणी वेगवेगळीच. हरभरा आधी हातानं, सकाळच्या दवात, म्हणजे घाटे गळत नाहीत. मग मोकळ्या झालेल्या रानात उभी करडई गव्हाच्या हार्वेस्टरनं निघते, काट्यांचा प्रश्न तिथं मिटतो. हार्वेस्टर गावात येणार नसेल तर बिनकाट्याचा वाण (नारी-६) विचारात घ्यावा. त्याचं बी वेळेवर मिळण्यासाठी ऑगस्टपासूनच शोधावं लागेल. मात्र काटेरी करडई बांधाकडच्या पट्ट्यात असली की मोकाट गुरं आत शिरत नाहीत, हेही तोलून बघा. भावाचं म्हणाल तर २०२६-२७च्या रब्बी पणन हंगामाला करडईचा हमीभाव क्विंटलला ६५४० रुपये आणि हरभऱ्याचा ५८७५ आहे, म्हणजे तो एक तृतीयांश भाग तोट्याचा धरायचं कारण नाही. करडईची मुळं दीड-दोन मीटर खाली जाऊन हरभऱ्याच्या हाती न लागणारी ओल पितात. पाऊस लवकर आटोपलेल्या वर्षी त्या पट्ट्यानंच खर्च निघतो.

विकत घ्यायचं असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी या अनुदानाच्या संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच पैसे द्या. आधी खरेदी केलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही. दुकानात चार गोष्टी हातानं तपासा: दाते वर-खाली सरकतात का, चकती पेटीच्या तळाला टेकून फिरते का (खाली पोस्टकार्ड सरकलं तर फट जास्त आहे), हरभरा आणि करडई दोन्हींच्या चकत्या आजच मिळणार की मागाहून, आणि फिरतं चाक स्प्रिंगवर खाली दाबलेलं आहे की नुसतं लोंबतंय. दहा एकराच्या आतल्यांनी विकत घेण्यापेक्षा अवजार बँकेचं यंत्र भाड्यानं घ्यावं, पण मापाच्या पिशव्या, काटा आणि करडईच्या तीन चकत्या स्वतःच्या ठेवाव्यात. भाड्याच्या यंत्रात आधीच्या शेतकऱ्याचं सोयाबीन किंवा गहू उरलेला असतो, तेव्हा पेट्या उलट्या करून झटकायला विसरू नका.

हंगाम संपल्यावर चकत्या काढून घरात ठेवाव्यात. पेटीत राहिलेल्या दाण्यांसाठी उंदीर प्लास्टिकच्या चकत्या कुरतडतात.